अनुशय आणि अट

मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हें एक होय. खरेदी अगर विक्री करून ज्यास मागाहून पस्तावा होईल, त्यानें दहा दिवसांच्या आंत वस्तु परत द्यावी किंवा घ्यावी, अशी ती सवलत. आजच्या कायद्यांत जमिनीच्या सौद्याला असे दहा दिवस नाहींत. केवळ मन पालटलें म्हणून करार मोडत नाहीं. फसवणूक झाली किंवा महत्त्वाची अट पाळली गेली नाहीं, तर मोडतां येतो.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबानें कर्जत तालुक्यांत कोंडाणे येथें शेतजमिनीचें साठेखत केलें. विसारासाठीं आजीबाईंच्या पाटल्या मोडल्या. घेणारे शेतकरी नव्हेत. अशा विक्रीला १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती विकणारानें सहा महिन्यांत आणावी, अशी अट होती. परवानगी आली नाहीं. दोन वर्षें लोटलीं, तरी वडील मंडळी म्हणत, “ओळखीच्या माणसाला नोटीस कशी धाडावी?”

आम्हांस येथें चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, १९१५ सालीं जमशेद खोदाराम इराणी यांच्या मुंबईकडील दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, जमिनीच्या करारांत मुदत हा सामान्यतः कराराचा प्राण नव्हे. तसें हवें तर शब्द निःसंदिग्ध पाहिजेत. म्हणून ‘परवानगी न मिळाल्यास करार रद्द, व विसार अमुक दिवसांत परत’ असें स्पष्ट लिहावें. दुसरी, मोजणीसारखी आपल्याच हिताची अट आपण सोडूं शकतों; सरकारी परवानगीची अट दोघे मिळूनही सोडूं शकत नाहींत. तिसरी, १८७२ च्या करार कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें करार रद्द करणारानें घेतलेला लाभ परत केला पाहिजे. चौथी, करार पुरा करून घेण्याच्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें ठरल्या तारखेपासून तीनच वर्षें आहेत.

त्या घरांतील धाकट्या सूनबाईंनीं कागद पुनः वाचून ही तारीख दाखविली, तेव्हां नोटीस गेली. पैसे हप्त्याहप्त्यानें परत आले. पण तोंवर सोनें इतकें महागलें कीं, त्यांत एकच पाटली झाली.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. साठेखत घरांतील सर्वांनीं, स्त्रियांनींही, सही होण्यापूर्वीं वाचावें. स्नेह राखावयाचा असेल, तर अटी आधींच स्पष्ट लिहाव्या. स्नेहाला त्याहून चांगलें कुंपण नाहीं.