उतरण्याजोगं शेत

बारामतीच्या एमआयडीसीकडच्या अंगाला घर असलं की डोक्यावर कायम काहीतरी घरघरत असतं. पाहुणे आले की पहिले दोन दिवस मान वर करून बघतात. आम्ही नाही बघत. आम्ही वर बघतो ते घरघर थांबली तर. बहुतेक वेळा ती मुद्दामच थांबवलेली असते. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर थ्रॉटल मागे ओढतो आणि पोराला विचारतो, आता कुठे उतरशील? मग दहा-वीस सेकंदांत इंजिन पुन्हा गुरगुरतं आणि माझा हात पुन्हा भाजीकडे वळतो.

वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी विमान उडवायला शिकणाऱ्या या पोरांना देते. कुणी केरळचं, कुणी हरियाणाचं, मधूनच एखादं सांगलीचं. खांद्यावर पट्ट्या लावायचे पांढरे शर्ट गच्चीवर वाळत असतात, आणि ते शर्ट घालणारी पोरं रात्री नऊला झोपून पहाटे साडेचारला उठतात. पायलटचं आयुष्य म्हणजे गॉगल आणि परदेशी हॉटेलं, असा माझा समज होता. तो या पोरांनी पहिल्याच उन्हाळ्यात मोडला. पहाटेची हवा शांत असते म्हणून पहाट. मार्चमध्ये अकरा वाजले की जिरायती माळ तापतो, खालून गरम हवेचे लोट उठतात आणि दोन माणसांची सेसना त्यात पाखडल्यासारखी वर-खाली होते. थंडीत कालव्यावरचं धुकं आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर. पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे कॅरम. ‘आज वेदर नाही, काकू,’ एवढंच सांगून पोर चहाचा कप घेऊन पुन्हा वर जातं.

त्या कॅरममध्ये चैन नसते. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः कप्तान म्हणून. लेखी परीक्षा वेगळ्या, रेडिओची वेगळी, डॉक्टरी तपासणी वेगळी. खर्च एक-दोन लाखांत नाही, अनेक लाखांत. कुणाच्या बापाने जमीन गहाण टाकलेली, कुणाचं बँकेचं कर्ज. म्हणजे पाऊस खिडकीवर वाजतो तेव्हा या पोरांच्या कानात व्याज वाजत असतं. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण विमानाची सुरक्षितता म्हटलं की आपण यंत्राकडे बघतो; त्या यंत्रापर्यंत पोचताना माणसाच्या पाठीवर काय लादलेलं असतं, ते कुणी बघत नाही.

एक मुलगी होती, बोलकी. उड्डाणाआधी काय करतेस, म्हणून विचारलं तर तिने पारदर्शक नळीसारखी एक वस्तू दाखवली. पंखातल्या टाकीच्या तळाला ती लावायची, थोडं पेट्रोल त्यात घ्यायचं आणि उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळं दिसतं. पाणी दिसलं तर पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं. ‘रोज?’ मी विचारलं. ‘प्रत्येक वेळी,’ ती म्हणाली. ‘आणि टाकीत काडी बुडवूनही बघायचं. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही.’ सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली फक्त स्त्रियांच्या चमूसह फॉकर विमान नेलं, हे मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. त्या दिवशीचं हवामान कसं होतं, असं तिने मला उलट विचारलं.

तिच्याबरोबर एकदा एसटीने इंदापूरला गेले. ती खिडकीशी. भवानीनगर मागे पडलं तशी ती पुटपुटायला लागली, ‘हे नको. हे नको. हे चालेल.’ मला वाटलं जमीन बघतेय. बघत होतीच, पण उतरण्यासाठी. जमिनीपासून हजार फुटांवर इंजिन गेलं तर या लहान विमानाला तरंगत जायला जेमतेम दोन-अडीच किलोमीटर मिळतात. तेवढ्यात शेत निवडायचं. म्हणून डोळा सतत खाली लागतो, इंजिन ठणठणीत चालू असतानाही.

तिच्या डोळ्यांनी बघायला लागले आणि आमच्या तालुक्यांची सगळी प्रतवारीच उलटी झाली. ऊस वरून मऊ गालिचा दिसतो, पण पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या त्या कांड्या चाकांना धरून विमान उलटं करतात. द्राक्षबाग नको, त्यात लोखंडी अँगल आणि तारा. डाळिंब नको. शेततळं तर नकोच. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं. हवं काय? काढणी झालेलं ज्वारीचं रान, नाहीतर मोकळा माळ. ज्याला सोसायटी कर्ज देताना नाक मुरडते, ज्याच्या मालकाला पोरगी द्यायला लोक कचरतात, ते पडीक रान तिच्या लेखी पहिल्या प्रतीचं. नीरा डावा कालवा तिला रस्त्याची खूण. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर वाऱ्याची दिशा सांगणारा. आणि उजनीचं पाणी सुंदर, पण तिथे भिगवणकडे रोहित पक्ष्यांचे थवे असतात आणि लहान विमानाच्या काचेला एक पक्षीही पुरतो.

हे नुसतं पाठांतर नव्हे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं कार्व्हर एव्हिएशन या प्रशिक्षण संस्थेचं सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. आत २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी, एकटी. ती वाचली. रानातली माणसं धावली आणि त्यांनी तिला सावरलं. कडबनवाडी म्हणजे चिंकारांचं गवताळ रान, मोकळं, झाडं विरळ. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चार दिवसांच्या आत रेडबर्ड या दुसऱ्या प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं पडली. १९ तारखेला कटफळजवळ, २२ तारखेला गोजुबावीजवळ. सहा महिन्यांत अशा पाच घटना झाल्या म्हणून विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. त्या आठवड्यात दूधवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत प्रत्येक जण विमानतज्ज्ञ झाला होता. माझ्या वरच्या मजल्यावर मात्र कुणी फारसं बोलत नव्हतं. गच्चीवर शर्ट वाळत होते.

मला वाटतं या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. उडायला धाडस लागतं असं आपण समजतो. उडणं ही पोरं पहिल्या काही महिन्यांतच शिकतात. उतरत आलेलं विमान, समोर धावपट्टी, मागे उशीर, आणि तरीही बेत सोडून पुन्हा वर जाणं, याला मात्र वर्षं लागतात. ते गो-अराउंड म्हणतात. बारामतीच्या धावपट्टीवर ही पोरं ते एका सकाळी पुन्हा पुन्हा करतात, इतकं की त्यात हार वाटू नये. पण तासांचा हिशेब, कर्ज आणि ‘आज तरी सोलो होऊ दे’ ही घालमेल सगळी उलट दिशेने ओढत असते.

आणि ही ओढ केस पिकल्यावरही सुटत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोळिकोडला मुसळधार पावसात धावपट्टी ओलांडून घसरलं. कप्तान दीपक साठे. आईवडील नागपूरचे, स्वतः वायुदलातून आलेले, अनुभवी. एकदा त्यांनी उतरणं सोडूनही दिलं होतं. दुसऱ्या खेपेला पाठीमागून वारा होता आणि चाकं टेकली ती जवळपास निम्मी धावपट्टी संपल्यावर. १९० जणांपैकी २१ गेले, दोन्ही वैमानिकांसह. चौकशी अहवाल सांगतो की सहवैमानिक ‘गो-अराउंड’ म्हणाला होता. तोच अहवाल असंही नोंदवतो की दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्याच कप्तानांच्या नावावर लागलेलं होतं आणि कोळिकोडला कप्तान मोजकेच होते. हे वाचल्यावर मला कप्तानांचा राग येत नाही. सकाळचं वेळापत्रक ज्याने आखलं, त्या टेबलाकडे मात्र डोळे जातात.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरहून पुण्याला यायच्या विमानाचा कप्तान बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. का गेला, यावर मी बोलणार नाही, मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर थकव्याची चर्चा निदान मोठ्याने झाली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नियम बदलले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंगं सहावरून दोन. कंपन्या म्हणाल्या, माणसं पुरणार नाहीत; आणि मार्चमध्येच अंमलबजावणी लांबणीवर पडली, ती थेट २०२५ पर्यंत. पहाटे साडेचारला उठायची सवय लागलेली माझी पोरं पुढे याच वेळापत्रकात जाणार आहेत. तिथे त्यांना पहाटे साडेचारला उठावं लागणार नाही, कारण बऱ्याचदा ती तेव्हा झोपलेलीच नसतील.

ती बोलकी मुलगी परवाना घेऊन गेली. जाताना घरमालकिणीचा निरोप कसा घ्यावा हे तिला कळेना, म्हणून ती पाण्याच्या टाकीवरचा झाकणाचा दगड नीट बसवून गेली. आता वर नवी पोरं आहेत आणि त्यांनाही शेतं वाचावी लागतील.

तेव्हा कटफळ, गोजुबावी, रुई, कडबनवाडी, आणि बारामती-इंदापूरच्या माळावर ज्यांची रानं आहेत त्या सगळ्यांना सांगते. उद्या तुमच्या ज्वारीच्या फडात असं विमान उतरलं तर आधी विडी विझवा. पंखातलं पेट्रोल सांडलेलं असू शकतं. थांबलेल्या पंख्याला हात लावू नका, तो अचानक फिरू शकतो. पोराला बाहेर काढून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा आणि ११२ लावा. व्हिडिओ त्यानंतर. आणि पिकाची भरपाई मागायला लाजू नका, ती तुमची हक्काची आहे. फक्त पोराकडे मागू नका.