आधी वय बघ

फाशी असावी की नसावी, याबद्दल माझं जे काही मत आहे ते नागपूरच्या धंतोलीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करता करता झालं. बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या शेजारच्या पोरीला वकीलकाकांनी कामावर घेतलं, तेव्हा ती पुढे कोणाच्या ऋणात राहणार आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. विदर्भातली अशी प्रकरणं सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठापुढे येत. आरोपीला वकील परवडत नसला की विधी सेवा समिती ते काम काकांसारख्यांकडे सोपवी. फीतून झेरॉक्सचा खर्च निघाला तरी काका खूश असत.

पेपर बुकाचा, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदपत्रांचा, गठ्ठा आला की काका तांबडी पेन्सिल घेऊन बसत. साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळं नंतर. "आधी वय बघ. पोलिसानं अंदाजानं टाकलं, का शाळेचा दाखला आहे?" दाखला नसला की गावच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहायला लावत. त्या पत्रांचा मला भारी वैताग येई. वयानंतर शिक्षेबाबतची सुनावणी. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. कित्येक निकालांत ते म्हणणं एवढंच असे: घरी म्हातारी आई आहे, दया करावी. काका त्या ओळीखाली रेघ मारत. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी द्या आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासा, असं 1980 च्या बच्चनसिंग निकालात सांगितलंय. मग एका ओळीत माणूस कसा तपासला, हा त्यांचा सवाल. शवविच्छेदनाचं पान मात्र ते स्वतः मोठ्याने वाचत. मेलेल्या माणसाचं नाव आपल्या ऑफिसात एकदा तरी उच्चारलं गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

30 जुलै 2015 ला याकूब मेमनला वर्धा रोडवरच्या आपल्या सेंट्रल जेलमध्ये फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीननंतर त्याची शेवटची याचिका ऐकली, आणि काही तासांत सगळं आटोपलं. त्या संध्याकाळी माझा भाऊ काकांवर उखडला. "काका, 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्यांच्यासाठी कोणी पहाटे कोर्ट उघडलं?" काका म्हणाले, "तुझा प्रश्न खरा आहे. माझ्यापाशी उत्तर नाही." भाऊ गप्प झाला. मीही. टीव्हीवरच्या त्या आठवड्याभराच्या आरडाओरड्यात असं कबूल करणारा एकही वकील मला दिसला नव्हता. नंतर त्यांनी एवढंच सांगितलं की, 3 जून 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनीच फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडलं होतं. दीक्षाभूमीच्या गावात ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. त्याच ऑगस्टअखेर विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून बाकी सगळीकडची फाशी रद्द करा, अशी शिफारस केली. तिचं पुढे काही झालं नाही.

मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या एका कैद्याला सोडलं. 1994 मधल्या पुण्यातल्या सात जणांच्या हत्याकांडात तो दोषी ठरला होता. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा, म्हणजे अल्पवयीन, असल्याचं मान्य झालं. 28 वर्षं तुरुंगात काढून तो इथल्याच जेलमधून बाहेर पडला. काकांना आता नीट दिसत नाही, म्हणून निकाल मी वाचून दाखवला. सात मृतांचा उल्लेख त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "दाखला इतकी वर्षं कोणी मागितलाच नाही काय गं?"

जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही फाशी आहे, आणि ज्यांसाठी ती देता येते अशा गुन्ह्यांची यादी वाढली आहे. वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. माझी एकच विनंती आहे: फाशीचा एखादा निकाल मुळातून वाचा, निदान शिक्षेबाबतची पानं तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर असे निकाल फुकट मिळतात.