टोकाची गावे

थंडीच्या बाबतीत आपला मराठी माणूस मोठा विचित्र आहे. तुळशीचे लग्न लागले की तो कपाटातून माकडटोपी काढतो, ती कानांवरून हनुवटीपर्यंत ओढतो, वर मफलर गुंडाळतो, त्यावर हेल्मेट चढवतो, अंगात स्वेटर घालतो. आणि एवढी सगळी जय्यत तयारी झाल्यावर पायात चप्पल सरकवून मोटरसायकलवर बसतो! डोके म्हणजे देवघर आणि पाय म्हणजे अंगण, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. देवघराला कडीकुलूप, अंगण मात्र सताड उघडे. कानातून वारे शिरते हे त्याला आजीने लहानपणीच सांगून ठेवलेले असते. बोटांतून काय शिरते ते मात्र आजीने सांगितलेले नसते. कारण आजी पहाटेच्या वेळी मोटरसायकलवर कधी बसलेलीच नसते.

यावर कोणी मुंबईकर हसून म्हणेल, “आपल्याकडे कसली आली आहे थंडी!” त्याचे बरोबरच आहे. समुद्राच्या काठी राहणाऱ्याने थंडीवर बोलू नये. पण घाट चढून वर आले की गोष्ट बदलते. पुण्यात १९३५ सालच्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरला होता. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे नाव तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात ठरलेले. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये १.८ अंशांची नोंद झाली. अशा रात्री तिकडचे द्राक्षबागाईतदार झोपत नाहीत. ते बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे वेलींना पाणी सोडतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, तेवढीच जमिनीला आणि मुळांना ऊब! वेलीला थंडी कुठून लागते, याचा तिथल्या शेतकऱ्याने जेवढा विचार केला आहे, तेवढा आपण आपल्या बोटांचा केलेला नाही.

आणि हे आकडे झाले स्थिर हवेतले. मोटरसायकलवर बसणारा माणूस आपला वारा स्वतःच निर्माण करतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन माणसांनी १९४०च्या सुमारास अंटार्क्टिकात एक साधा प्रयोग केला. एका नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वारा वाढला की पाणी लवकर गोठे. या मोजमापातून पुढे वाऱ्याच्या गारठ्याचे गणित तयार झाले, आणि २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी ते सुधारून घेतले. त्या गणिताने पाहिले तर बाहेर दहा अंश असताना साठच्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला पाच अंशांसारखा गारठा लागतो. बाहेर पाच असतील तर उणे दोनच्या आसपास! गाडीची टाकी अर्थातच पाच अंशांखाली जात नाही. ती निर्जीव आहे. तिच्याजवळ चोरण्यासारखे काही नाही. आपले शरीर मात्र कातडीभोवती उबदार हवेचा एक पातळ थर सांभाळून असते, आणि वारा तोच थर क्षणाक्षणाला ओढून नेतो.

नाशिकहून निफाडच्या बाजूला कामानिमित्त पहाटे मोटरसायकलवरून जाण्याचा योग मला काही हिवाळे आला. चांदोरीच्या आसपास गोदावरी रस्त्याच्या जवळ येते. रात्रभर जड झालेली गार हवा अशा सखल जागी येऊन बसते. तिथे पोहोचेपर्यंत बोटे दुखत असत. तिथून पुढे ती दुखायची थांबत. सुटलो, असे वाटे. पण दुखायचे थांबणे हीच खरी धोक्याची सूचना असते, हे मला एका दूधवाल्याने शिकवले.

तो रोज त्याच वेळी उलट्या दिशेने शहराकडे यायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, अंगावर घोंगडी, पायात प्लास्टिकच्या चपला. एका पहाटे धुक्यातून त्याच्यासमोर एक म्हैस रस्त्यावर आली. त्याचा वेग बेताचाच होता, अंतरही पुरेसे होते. तरीही गाडी थांबली नाही. म्हशीला चुकवताना तो कडेच्या मातीत आडवा झाला आणि दोन किटल्या रस्त्यावर रित्या झाल्या. मी धावत जाऊन गाडी उचलली. सुदैवाने गुडघा खरचटण्यावर निभावले होते. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसला होता, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा असावा.

“भाऊ, मी ब्रेक दाबला होता हो,” तो म्हणाला. “मला वाटलं, दाबला.”

त्याच्या हाताने दाबला नव्हता, किंवा अर्धवट दाबला होता. पायानेही तेच केले होते. त्या एका वाक्याने माझ्या अंगावर थंडीपेक्षा मोठा काटा आला. बोटांची कातडी पंधरा अंशांच्या खाली गेली की हाताची सफाई जाते. आठेक अंशांवर स्पर्शच कळेनासा होतो. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. बधिर बोट एक सेकंद उशिरा वळले, तर एवढी जमीन आपण डोळे मिटून ओलांडली असे समजावे.

असे का होते? शरीराचा कारभार एखाद्या जुन्या संस्थानासारखा आहे. राजधानी म्हणजे छाती आणि पोट. तिथे हृदय, फुप्फुसे, यकृत अशी बडी मंडळी राहतात. रक्ताबरोबर उबेचा पुरवठा साऱ्या मुलखाला होत असतो. पण खजिन्यात तूट आली की पहिली कात्री लागते ती टोकाच्या गावांना. हातापायांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडची रसद आखडती होते. राजधानी वाचते, गावे गारठतात. यात शरीराचे काही चुकत नाही. हृदयाला थंडी वाजून चालणार नाही.

शरीर अगदीच निर्दय आहे असेही नाही. टॉमस लुइस या इंग्लंडमधल्या डॉक्टराने १९३० साली दाखवून दिले की, बोट बर्फाच्या पाण्यात धरले तर वाहिन्या आधी मिटतात, पण काही मिनिटांनी त्या थोड्या वेळापुरत्या उघडतात. मग मिटतात, पुन्हा उघडतात. दुष्काळी गावाला अधूनमधून टँकर पाठवावा, तसा हा प्रकार! मात्र एक अट आहे. खुद्द राजधानीत टंचाई असेल, तर हा टँकरही बेतानेच निघतो.

बोटांच्या उबेची किल्ली बोटांत नाही ती नाहीच. ती छातीत आहे. नुसते जाड हातमोजे घेऊन काम भागत नाही, कारण हातमोजा ऊब तयार करीत नाही. आलेली ऊब फक्त राखतो. जिथे काही आलेलेच नाही, तिथे राखणार काय? म्हणून आधी धड सांभाळावे. लोकरीचा स्वेटर हवा धरून ठेवतो, पण वारा त्याच्या विणीतून सरळ आत येतो. तेव्हा स्वेटरच्या वर वारा अडवणारे काहीतरी हवे. जाकीट नसेल तर पावसाळ्यात टांगून ठेवलेला रेनकोट घालावा. जानेवारीत रेनकोट घातलेला पाहून शेजारी हसतील, हसोत बापडे. स्वेटरच्या आत छातीवर कालचे वर्तमानपत्र घडी करून ठेवावे. त्यातल्या बातम्या शिळ्या झाल्या तरी पानांमधली हवा कामाची असते.

दुसरी गोष्ट मनगटाची. बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून दोऱ्या ओढल्यासारखी बोटे वळतात. कळसूत्री बाहुलीचे हात उबेत आणि दोऱ्या ओढणारा मात्र गारठलेला, असे होऊन उपयोग नाही. हातमोज्याचा गळा लांब असावा आणि बाहीशी त्याने फट ठेवू नये. तेवढा लांब नसेल, तर जुन्या लोकरी पायमोज्याचा पंजा कापून टाकावा आणि उरलेली नळी मनगटावर चढवावी.

हातमोजे सैल हवेत. घट्ट हातमोज्यात हवेला जागा राहत नाही आणि रक्ताची वाटही आवळली जाते. आत एक पातळ, बाहेर एक वारा अडवणारा, अशी जोडी उत्तम. हल्ली बॅटरीवर गरम होणारे हातमोजे आणि गाडीच्या मुठीही मिळतात. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्याव्यात. पण मूठ फक्त तळहात तापवते, वारा लागतो तो बोटांच्या पाठीला.

पायांचे दुःख वेगळे आहे. हात निदान क्लच-ब्रेकच्या निमित्ताने हलतात. पाय मात्र पायटीवर तपस्व्यासारखे निश्चल असतात. बूट हवा, आणि त्यात बोटे हलवण्याइतकी मोकळीक हवी. एकावर एक दोन मोजे कोंबून बूट आवळला, तर पाय एका मोज्यापेक्षा लवकर गारठतात. मोजा लोकरीचा असावा आणि निघताना कोरडा असावा. ओला मोजा म्हणजे पायाला बांधलेली गार पाण्याची पट्टीच. आणि अर्ध्यापाऊण तासाने उतरून शंभर पावले चालावे. हात खांद्यापासून रहाटासारखे गरगर फिरवावेत. रक्त आपोआप बोटांच्या टोकांपर्यंत जाते. रस्त्यावरच्या लोकांना हा माणूस व्यायाम करतो आहे की कोणाला हाका मारतो आहे, असा प्रश्न पडेल. पडू द्यावा.

काही उपाय दिसायला सोपे आणि करायला घातकी. बधिर बोटे शेकोटीत किंवा गरम सायलेन्सरवर धरू नयेत. भाजले तरी कळत नाही. बिडी-सिगारेटने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. तंबाखू रक्तवाहिन्या आणखी आवळते. दारूने कातडीला गरम वाटते खरे, पण ती राजधानीचा खजिना वेशीवर उधळते. त्यापेक्षा टपरीवरचा चहा बरा. दोन्ही हातांनी पेला धरावा आणि शक्य तितक्या सावकाश प्यावा. तेवढ्यात हात स्वतःच्याच काखेत घालून बसलेला कोणी दिसला, तर तो अनुभवी आहे असे ओळखावे.

तो दूधवाला पंधरा दिवसांनी पुन्हा दिसला. त्याने तेलाचे पाच लिटरचे दोन प्लास्टिकचे डबे आडवे कापून गाडीच्या दोन्ही मुठींवर बसवले होते. मागून हात घालायला जागा, पुढून वारा बंद. एका डब्यावर अजून शेंगदाण्यांचे चित्र होते. “पोरं हसतात,” तो म्हणाला, “पण आता हाताला ब्रेक कळतो.” सायपल आणि पॅसेल यांना हा माणूस भेटला असता तर त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले असते, आणि त्याचा हात गरम लागला असता.

तेव्हापासून सकाळी दारात दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र पडल्याचा आवाज आला की मला त्यामागचे हात दिसतात. आपण पांघरुणात असतो. आपल्या घराचा कारभारही त्या संस्थानासारखाच चाललेला असतो: राजधानी उबेत, आणि पहाटेच्या वाऱ्यात टोकाची गावे. फरक एवढाच की शरीराला दुसरा इलाज नसतो. आपल्याजवळ असतो.

दिवाळीत आपण या मंडळींना पोस्त देतो, चिवड्या-लाडवांची पुडी देतो. ती द्यावीच. यंदा तिच्यासोबत हातमोज्यांचा एक जोड द्यावा, आणि मोज्यांचाही. थंडी त्यानंतरच सुरू होते, तेव्हा वेळ अगदी साधते. रंगाचा फार विचार करू नये. मात्र दुकानदार “हा अगदी फिट बसेल” म्हणून जो जोड पुढे करील तो परत द्यावा, आणि त्याहून एक माप मोठा मागून घ्यावा.