महागावच्या वाटेवर

यवतमाळहून महागावला निघालो होतो. आर्णी मागे पडली. दुतर्फा पऱ्हाटी फुटलेली. एस. टी.त शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ, मांडीवर नकाशाची गुंडाळी. त्यांच्या गावच्या प्रार्थनामंदिराची दुरुस्ती निघाली होती. वर्गणी तुटपुंजी आणि घरातच दोन पक्ष : मुलाला गळके छप्पर आधी हवे, आजोबांना पोरांच्या अभ्यासाची खोली.

मी अर्थातच छपराच्या बाजूचा. मुंबईची फुशारकीही मारली : कोटातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया १६७६ सालचा. भिंती मात्र चाळीसएक वर्षे अर्धवटच उभ्या होत्या. उपासना सुरू झाली थेट १७१८ च्या नाताळात! छपरावाचून मंदिर कसले?

आजोबा हसले नाहीत.

"आमच्या यवतमाळात १९५३ साली पाद्री घडवणारी सेमिनरी निघाली. १९८३ साली गेली पुण्याला. माणसंच गेली, की छपराला पुसतं कोण?"

नकाशातल्या खोलीला त्यांनी स्वतः पेन्सिलीने एक जास्तीची खिडकी काढली होती.

महागाव आले. उतरता उतरता मी विचारले, "आणि पावसाळ्यात?"

"बादल्या आहेत की चार. पण पोरं यंदाच दहावीला आहेत."