चंद्र आणि चांदणे

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर लेथ चालविलेल्या आजोबांचे समोरचे वरचे दोन दात पडले, तेव्हा प्रथम हरवला तो एक उच्चार. कन्नड मुलखात वाढणाऱ्या नातीला 'चंद्रा'तला आणि 'चांदण्या'तला असे मराठीचे दोन 'च' तेच शिकवीत. आता दुसरा 'च' दाताशी न थांबता वाऱ्यासारखा निसटू लागला.

काढती-घालती कवळी हलत राही. पक्का पूल बसवायचा, तर शेजारचे निरोगी दात कोरावे लागणार होते. उरले रोपण. 1952च्या सुमारास स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसविलेले टायटेनियम सुटेनासे आढळले. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते रोविले. तेथे धातूवर जबरदस्ती चालत नाही. हाडानेच काही महिन्यांत त्याला बिलगावे लागते. त्यासाठी हाड पुरेसे हवे, हिरड्या निरोगी हव्यात. तंबाखूने रोपण फसण्याचा धोका वाढतो.

खर्चाची जुळणी निवृत्तीच्या पुंजीतून कशीबशी झाली. अवघड होती ती कमरेची चंची. एका संध्याकाळी त्यांनी ती केरात टाकली आणि गच्चीवर नातीला हाक मारली. 'चांदणे' हा शब्द त्या दिवशी तिने म्हटला. त्यांनी नुसता ऐकला.