तोतया आणि कुंकू

मोतीबिंदू काढल्यावरही मोडीची पळती ओळ मला पूर्वीसारखी लागत नाही. म्हणून हल्ली इतिहास शिकणारा एक मुलगा मला कागद वाचून दाखवतो. मोडीत शब्द तोडलेले नसतात; कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. तो माझ्याहून वेगळ्या जागी थांबतो आणि पाठ असलेलं पत्रही एकदम बोलायला लागतं. मुळात ते बोललेलंच की, कुणीतरी कारकुनाला सांगितलेलं.

मला कादंबरीसाठी हवी असलेली बाई मात्र कारकुनाला काही सांगत नाही.

१४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या रणातून वाचून परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी कधी मानलं नाही. १७८३ मध्ये वारल्या त्या सवाष्ण म्हणूनच. मधल्या काळात एक कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला. कैदेत पडला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, कोकणात बंड केलं, शेवटी धरून पुण्यात आणला गेला आणि मारला गेला.

माझं घोडं या १७७६ पाशी अडलंय. नाना फडणिसांचं सोपं होतं, कारभाऱ्याला शंका परवडत नाही. पण बाईंनी काय म्हणावं? तो खोटा म्हणावं, तर खरा कुठं आहे? खरा म्हणावं, तर दौलत दुभंगणार. तोतया मेला, कुंकू राहिलं. म्हणजे दरबारानं एका भाऊला मारलं आणि दुसऱ्याला तिच्या कपाळावर जगू दिलं. हे वाक्य मला इतकं आवडतं, की ते कादंबरीत येता कामा नये.

एका खर्ड्यात ती पडद्याआडून त्याचा आवाज ऐकते. दुसऱ्यात अंगावरची खूण पाहायला दासी धाडते. दोन्ही नाटकी. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलंच आहे. रंगभूमीला तोतया पुरतो, मला पुरत नाही.

आजकाल नायिकेच्या हाती तलवार दिली, की ऐतिहासिक कादंबरी झाली. मुखपृष्ठावर घोडा, आत स्वगतं, शेवटी संदर्भग्रंथांची लांबलचक यादी. यादीवर मी तरी काय बोलणार? माझी त्यांच्याहून लांब आहे. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड मी आल्यागेल्याला दिसतील अशाच कपाटात ठेवलेत.

परवा खर्डा ऐकून तो मुलगा म्हणाला, "मॅडम, तिला बोलायला लावूच नका. तिचा खर्च लिहा."

रोजकीर्दी आम्ही दोघांनीही ढीगभर चाळल्या आहेत. कासाराचे पैसे, लुगडं, हळदकुंकू. बाई सवाष्ण आहे हे जमाखर्चाला दरसाल मान्य करावं लागणार, तोतयाच्या सालीसुद्धा. मला आधी राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. मग चहा टाकला आणि "बघू" म्हटलं, जणू माझ्या मनात ते होतंच.

आता प्रकरण तसंच कल्पून लिहिते आहे, साल दर साल, नुसता खर्च. तोतया एका ओळीत येतो. ती ओळ झोकदार झाली आहे. बाकी सगळं मुलाला वाचून दाखवलं. तेवढी ओळ गाळली. त्यानं ती खोडायला लावली असती.