डाउनलोड केलेले कागद जातात कुठे?

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की आमच्या उर्दू शाळेतल्या एकुलत्या एका संगणकासमोर आम्हा शिक्षकांचे नंबर लागतात. कुणी उत्पन्नाचा दाखला डाउनलोड करतो, कुणी बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, कुणी आधारची प्रत. पालक हे कागद विश्वासाने देतात. अर्ज भरून झाला की मूळ कागद आम्ही परत देतो. पण संगणकात राहिलेल्या प्रतीचे काय? तीही अमानतच आहे.

ब्राउझर फाइल कुठे ठेवतो, हा प्रश्न आमच्यासमोर आधी उलट्या बाजूने आला होता. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारी आपांनी ईमेलमधून आलेला गुणतक्ता थेट उघडला, दोन तास बसून गुण भरले, सेव्ह केला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तक्ता कुठेच सापडेना. नुसती उघडलेली फाइल ब्राउझरने टेम्पररी फोल्डरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत ठेवली होती आणि ब्राउझर बंद होताच ती पुसली गेली. बिचाऱ्या आपांनी सगळे गुण पुन्हा भरले.

पुढे ब्राउझरांच्या रीती बदलल्या. फायरफॉक्समध्ये मार्च २०२२ च्या ९८ व्या आवृत्तीपासून नुसती उघडलेली फाइलही डाउनलोड्स फोल्डरमध्ये जतन होऊ लागली. त्यामुळे काम हरवण्याची भीती गेली. मात्र पाहून झालेला प्रत्येक कागद आता मागे राहतो. घरच्या संगणकावर त्याचे फारसे बिघडत नाही. शाळेच्या संगणकावर मात्र दिवसभरात दहा जण बसतात आणि डाउनलोड्स सर्वांना उघडे असते.

जुनी रीत परत आणण्याची सोय फायरफॉक्सच्या १०२ व्या आवृत्तीपासून आहे. वरच्या पट्टीत 'अबाउट कॉन्फिग' हे पान उघडून एक सेटिंग बदलले की नुसत्या उघडलेल्या फाइली पुन्हा तात्पुरत्या जागेत जातात. आम्ही त्यावर बोललो आणि तो मार्ग सोडून दिला. कागद लपले असते, पण आपांसारखा एखादा तक्ता पुन्हा गेला असता.

त्याऐवजी आम्ही ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'फाइल कुठे ठेवायची ते प्रत्येक वेळी विचारा' हा पर्याय चालू केला. तो फायरफॉक्समध्ये आहे, तसाच क्रोममध्येही आहे. मग दोन फोल्डर केले, 'ठेवायचे' आणि 'आजचे'. गुणतक्ते, परिपत्रके पहिल्यात. मुलांचे दाखले आणि आधार दुसऱ्यात. संध्याकाळी जो शेवटी उठेल त्याने 'आजचे' रिकामे करायचे. तेही शिफ्ट दाबून डिलीट करायचे, कारण साध्या डिलीटने फाइल रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते. सुरुवातीला प्रत्येक वेळी विचारणारी ती खिडकी काहींना कटकट वाटली. आता हात आपोआप योग्य फोल्डरकडे जातो.

दोन गैरसमज मात्र अजून ऐकू येतात. ब्राउझरमधली डाउनलोडची यादी पुसली म्हणजे फाइल गेली, हा पहिला. यादी जाते, फाइल जागेवरच असते. प्रायव्हेट विंडोत काम केले की काहीच मागे राहत नाही, हा दुसरा. तिथे पाहिलेल्या पानांचा इतिहास राहत नाही, पण डाउनलोड केलेली फाइल साधारणपणे तशीच राहते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक नसतो. मुलीचे हॉल तिकीट, अब्बांचे पेन्शनचे कागद नेट कॅफेत जाऊनच काढावे लागतात. तिथे प्रिंट हातात आली की लगेच उठू नका. डाउनलोड्स उघडा, आपली फाइल पुसा, रीसायकल बिनही रिकामे करून घ्या आणि मगच पैसे देऊन निघा.